बोलेपर्यंतचा पाऊण तास

३ मार्च, सोमवार

आज समितीच्या बैठकीत मी एक वाक्य बोलून बसलो. मागे घेता येणार नाही, आणि घ्यायचंही नाही.

नवे सचिव वाईट गृहस्थ नाहीत. आवाज मऊ, वाक्यं लांबलचक, आणि प्रत्येक वाक्यात एक तरी "बरं का". म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल आम्हाला आदरच आहे, बरं का. पण मशीन कोसळलं की तुम्ही बाहेरून माणूस बोलावणार, तो त्याच्या सवडीने येणार, तोवर वर्ग बंद. मग डोळस माणूसच कायमचा नेमला तर काय बिघडलं? तुमच्यासाठी टेलिफोनचं टेबल आहेच. मानाचं काम आहे."

त्यांचं म्हणणं खोटं नाही, हीच अडचण आहे. चौदा वर्षं मी या केंद्रात अंध प्रौढांना संगणक शिकवतो. मलाही सहाव्या वर्षापासून दिसत नाही. आमच्या बारा मशीनवर बोलणारा प्रोग्राम आहे. पडद्यावर जे येईल ते तो वाचून दाखवतो. त्याच्या जिवावर आम्ही पत्रं लिहितो, वर्तमानपत्र ऐकतो. ही दैनंदिनीसुद्धा मी तशीच टाइप करतो आहे. पण मशीन पार झोपलं आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घालायची वेळ आली, की तो प्रोग्रामही गेलेला असतो. सिस्टिमची सीडी घातली की पडदा एकामागून एक प्रश्न विचारतो, आणि ते प्रश्न फक्त बघणाऱ्याला कळतात. सिस्टिम बसली तरी साउंड कार्डाचा ड्रायव्हर वेगळ्या सीडीवरून घालावा लागतो. तो घातल्याशिवाय मशीनला कंठ फुटत नाही. म्हणून मग कंत्राटी इंजिनिअर. आमच्या विद्यार्थ्यांनी त्याचं नाव 'रिस्टार्ट' ठेवलंय, कारण कुठल्याही दुखण्यावर त्याचं पहिलं औषध तेच.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कोरं मशीन आणा. तुमच्यासमोर एकट्याने त्यावर सिस्टिम घालतो आणि ते बोलतं करून दाखवतो. कुणाचे डोळे न वापरता. मग टेलिफोनचं बघू."

कुणीतरी खुर्ची सरकवली. सचिव म्हणाले, "बावीस तारखेला पुन्हा बसतोय आपण. चालेल?"

"पळेल," मी म्हणालो.

हे वर्गासाठी बोललो की स्वतःच्या नाकासाठी? दोन्हीसाठी, असं लिहून मोकळं होता येईल. पण प्रमाण किती? साठ-चाळीस असावं. साठ कुणाचे, ते आज लिहीत नाही.

४ मार्च, मंगळवार

बायकोला सगळं सांगितलं. तिला जन्मापासून दिसत नाही आणि ती बावीस वर्षं एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे. हे माझ्या लक्षात असायला हवं होतं.

"टेलिफोनचं टेबल म्हणजे काय फाशीचा दोर आहे का रे?"

"मी तसं कुठे म्हणालो?"

"तसंच म्हणालास. 'मला टेलिफोनवर बसवतायत' म्हणालास. मी बावीस वर्षं बसतेय. मला कुणी बसवलेलं नाही."

नंतर कपड्यांच्या घड्या करता करता ती म्हणाली, "भांड. जरूर भांड. पण माझ्या कामाला शिवी न देता भांड."

तिचं बरोबर आहे. टेलिफोन वाईट नाही. मला न विचारता ठरवलं, ते वाईट. हे वाक्य काल सुचलं असतं तर बरं झालं असतं.

६ मार्च, गुरुवार

केंद्रातलं एक बाद झालेलं मशीन नोंदवहीत सही करून घरी आणलं. बाकी अकरा मशीनचं सख्खं भावंडच आहे: तेच साउंड कार्ड, तीच कुरकुर.

बेत असा. मूळ सीडी हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये उतरवायची. त्यात आजवरचे अपडेट मिसळायचे. साउंड कार्डाचा ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये ठेवायचा आणि तो कुठे आहे त्याचा पत्ता एका यादीच्या फाइलमध्ये लिहायचा. सिस्टिम जे जे प्रश्न विचारते त्या सगळ्यांची उत्तरं आधीच दुसऱ्या एका फाइलमध्ये लिहून ठेवायची, म्हणजे ती विचारायला थांबणार नाही. शेवटी बोलणारा प्रोग्राम आपोआप सुरू होईल अशी सोय. मग या सगळ्याची नवी सीडी राइट करायची. कोऱ्या मशीनमध्ये ती घातली, एक बटण दाबलं, की पाऊण तासाने मशीनने आपण होऊन बोलायला हवं.

कागदावर सोपं आहे. मला कागद वाचता येत नाही, म्हणूनही सोपं वाटत असेल.

९ मार्च, रविवार

पहिली सीडी: मशीनने ओळखच दाखवली नाही. मी ती साध्या फायलींची म्हणून राइट केली होती. मशीन सुरू करणारी म्हणून नव्हे. ही चूक विद्यार्थ्याची असती तर मी हसलो असतो.

दुसरी सीडी: फिरली, थांबली, आणि गप्प. दहा मिनिटं, वीस मिनिटं. काहीतरी विचारून माझ्या उत्तराची वाट बघत असणार. पण काय?

शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांना हाक मारली. काका म्हणजे निवृत्त मुद्रितशोधक. छत्तीस वर्षं एका छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या. बायको गेल्यापासून एकटेच असतात. इमारतीत त्यांना 'शुद्धलेखन' म्हणतात, कारण सूचनाफलकावरच्या सूचनेतही ते लाल पेनने वेलांट्या दुरुस्त करतात. करायचे, म्हणायला हवं, हल्ली सोडलंय. पाण्याच्या वेळेच्या सूचनेत 'पाणि' दोन महिने तसंच आहे म्हणे. कंटाळले असतील.

वर आले, बसले. "मास्तर, आधी दिवा लाव."

"दुपारचे चार वाजलेत, काका."

"तुझ्या घरात चारलाही अंधार असतो. तुमचं काय, तुम्हाला वीजबिल माफ."

हसलो. दिवा लावला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणखी पुढे ओढली. मग एकेक शब्द वेचत वाचलं: करार मान्य आहे का, असा प्रश्न होता. म्हणजे माझी उत्तरांची फाइल सिस्टिमला सापडलीच नव्हती. तपासलं, तर तिच्या नावाच्या शेपटीला 'टीएक्सटी' चिकटलेलं, म्हणजे सिस्टिमच्या लेखी नावच वेगळं. काढून टाकलं.

काकांचे डोळे वापरले, हे खरं. 'दाखवताना' वापरणार नाही असं मी म्हणालो होतो, 'बनवताना' नाही असं म्हणालो नव्हतो. ही वकिली आहे, मला कळतं. बावीस तारखेला आपण होऊन सांगेन.

१० मार्च, सोमवार

तिसरी सीडी. कुठेही न थांबता शेवटपर्यंत गेली! कानाने कळतं: आधी बारा मिनिटं सीडीची घरघर, मग मशीन स्वतःच बंद होऊन चालू होताना एक बीप, मग एकतीस मिनिटं हार्ड डिस्कची कटकट आणि मधूनमधून सीडी. मग शांतता.

शांतताच राहिली. आवाज नाही.

११ मार्च, मंगळवार

काका चार वाजता आले. पडद्यावर एक चौकट होती. त्यांनी प्रुफाच्या सुरात वाचली, "अमुक ठिकाणी फाइल सापडली नाही. पूर्णविराम. ठिकाण: डी, विसर्गासारखी दोन टिंबं, उलटी तिरकी रेघ, ड्रायव्हर्स, उलटी तिरकी रेघ, साउंड."

"नीट बघा काका, साउंडच आहे?"

"छत्तीस वर्षं काय गवत उपटत होतो? साउंडच."

घरच्या दुसऱ्या मशीनवर माझी यादीची फाइल ऐकली. ड्रायव्हर्स, साउंड. सीडीवरचा फोल्डर ऐकला. ड्रायव्हर्स, साउंड. पत्ता बरोबर, घरही बरोबर, आणि पोस्टमन म्हणतोय असं घरच नाही.

मी चहा केला. काका मधेच म्हणाले, "मास्तर, कप भरला हे तुला कसं कळतं रे?" मी सांगितलं: ओतण्याचा आवाज बारीक होत जातो, तो ऐकायचा, सुरुवातीला खात्रीसाठी काठाच्या आत बोटाचं पेर ठेवायचं. त्यांनी किटली मागून घेतली आणि स्वतः दुसरा कप ओतून बघितला. थोडा सांडला. "शिकायला किती दिवस लागले तुला?" त्यांची ही जिज्ञासा मला आवडते. डोळस माणसं सहसा असं विचारत नाहीत. एक तर कीव करतात, नाही तर टाळ्या वाजवतात.

१२ मार्च, बुधवार

चौथी सीडी. मुकी.

१३ मार्च, गुरुवार

पाचवी. मुकी. ड्रायव्हर दोनदा नव्याने उतरवून घेतला. काकांनी तीच चौकट तशीच वाचली.

काका गेल्यावर बायको म्हणाली, "ते जिना उतरताना पायऱ्या मोजतात. मोठ्याने नाही, पण ओठातल्या ओठात."

"वय झालंय. पडायची भीती वाटत असेल."

"आणि माझ्याशी बोलताना आवाज माझ्या अंगावर येत नाही. मी इथे असते, ते कपाटाशी बोलतात."

"तुला प्रत्येकाचं काहीतरी ऐकू येतं."

"मला ऐकू येतं, आणि तुला फक्त तुझी सीडी ऐकू येते." मग म्हणाली, "जाऊ दे. काही गोष्टी ज्याच्या त्याने सांगायच्या असतात." तिला काय म्हणायचं होतं, विचारलं तर सांगितलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

रिस्टार्ट केंद्रात आला होता. बातमी त्याला लागलेली.

"सर, कशाला घाम गाळताय? मी आहे ना. एक फोन मारायचा."

"मारतोच की. तू उचलतोस कुठे?"

विद्यार्थी हसले. तोही हसला, मनाचा मोकळा आहे. मग खुर्ची ओढून हळूच म्हणाला, "एक सांगू? एकदा अपडेट मिसळलेल्या फोल्डरवर पुन्हा पुन्हा मिसळत असाल तर सोडा. त्यात आधीचीच घाण साचते. दर वेळी मूळ सीडीपासून नव्याने सुरुवात."

मी तेच करत होतो. फोल्डर एकच, त्यावर पाच वेळा लिंपण. मला खाडाखोड करत सुधारत जायची सवय आहे. पाटी पुसायची नाही. माझ्या जागेवर डोळा असलेल्या माणसाने मला हे का सांगावं? नंतर वाटलं, त्याला माझी जागा नको असेल. त्याला फक्त फोन यायला नको असतील. मी त्याच्याबद्दल मनात जे बोलत होतो, त्यातलं निम्मं मागे घेतो.

१६ मार्च, रविवार

मूळ सीडीपासून सगळं नवं. अपडेट आधी, ड्रायव्हर नंतर, क्रम लिहून काढला. उत्तरांची आणि पत्त्यांच्या यादीची फाइल तेवढी जुनीच उचलली, कारण त्या दोन्ही तपासून झाल्या होत्या.

सहावी सीडी. मुकी.

काकांनी वाचलं. तेच. आज त्यांचा आवाज थकलेला होता. म्हणाले, "मास्तर, उद्यापासून दुसऱ्या कुणाला बोलावतोस का?"

"का? कंटाळलात?"

"नाही. कंटाळलो नाही."

मला वाईट वाटलं. सहा दिवस बाकी आणि माझा एकमेव वाचक पळ काढतोय. जरा तोडूनच म्हणालो, "असू दे. यायचं तर या, नाही तर राहू दे." ते बराच वेळ उठले नाहीत. मग उठले, आणि दाराऐवजी आधी स्वयंपाकघराच्या चौकटीला धडकले. रागात असावेत.

१७ मार्च, सोमवार

मनातला हिशोब उलटा झालाय. साठ माझ्या नाकाचे होते, हे आज लिहितो. शरण जायचं तर आजच जावं, बावीसला चारचौघांत जाण्यापेक्षा. सचिवांना फोन करायला रिसीव्हर उचललासुद्धा.

मग वाटलं, का म्हणून? मशीनला माहीत नाही मी आंधळा आहे. तिथे एक चूक आहे. चूक म्हणजे काही दैव नव्हे. ती कुठेतरी बसलेली आहे आणि मी अजून तिथे पोचलेलो नाही, एवढंच. रिसीव्हर ठेवला.

१८ मार्च, मंगळवार

सापडली!

आज वर्गात एक बाई पत्र लिहीत होत्या. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "शब्द ऐकून समाधान मानू नका. बाणाचं बटण दाबत अक्षर अक्षर ऐका. कान क्षमा करतो." हे मी चौदा वर्षं म्हणतोय. म्हणता म्हणता स्वतःच्याच तोंडाकडे लक्ष गेलं. पत्त्यांची यादी मी एकदाही अक्षर अक्षर ऐकलेली नव्हती. शब्द ऐकला होता, आणि काकांनी दुजोरा दिला होता.

घरी येऊन चप्पलही न काढता बसलो. बाण दाबत गेलो. एस. ओ. यू. एन. एन. डी.

एन दोनदा! कीबोर्डवरचं एनचं बटण चिकटतं. 'साउन्नड' लिहिलं गेलं आणि बोलणारा प्रोग्राम ते निर्विकारपणे 'साउंड' वाचत राहिला. आठवडाभर एका जादा अक्षराने मला नाचवलं. कानाने चूक सोडली, कानानेच पकडली. कुणाच्या डोळ्यांनी नाही! आज लिहिताना मी बटणं जोरात मारतोय, बायको आतून म्हणते, "सावकाश, पुन्हा दोन एन येतील."

काका वर आल्यावर मात्र तोल सुटला. "काका, पडद्यावर 'साउन्नड' होतं. चार वेळा तुम्ही ते साउंड वाचलंत!"

त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"छत्तीस वर्षं म्हणता आणि एक जादा अक्षर दिसू नये?"

"सवय रे," ते म्हणाले. "चूक दिसली की मनातल्या मनात दुरुस्त होते आणि तोंडातून शुद्धच बाहेर पडतं."

मला ते पटलं, आणि रात्रीपर्यंत पटेनासं झालं. मुद्रितशोधक चूक दुरुस्त करतो खरा, पण आधी ती दाखवतो. त्याशिवाय त्याला पगार कोण देईल? बायकोला विचारलं तर म्हणाली, "तू त्यांना दिसू नये म्हणालास?"

"हो. का?"

"काही नाही. उद्या खाली जा आणि माफी माग."

१९ मार्च, बुधवार

सातवी सीडी. बारा मिनिटं, बीप, एकतीस मिनिटं. आणि मग खरखरीत, नाकातल्या आवाजात मशीन म्हणालं, "डेस्कटॉप."

बायकोने मला दोन्ही हातांनी धरलं. मी मशीनला बोलू दिलं.

काकांची माफी मागितली. म्हणाले, "चूक माझी, माफी तुझी, हे कुठलं व्याकरण?" मग त्यांनी त्या सीडीची एक प्रत मागितली.

"तुमचं मशीन तर ठणठणीत आहे, आणि तुम्हाला बोलणारा प्रोग्राम कशाला?"

"असू दे घरात. तुझी पहिली आवृत्ती आहे, मास्तर. प्रुफं मी तपासलेली."

हौशी माणूस. दिली.

२२ मार्च, शनिवार

सविस्तर लिहितो, कारण पुढे आठवण माझ्या बाजूने फितूर होईल.

समितीचे पाच जण, रिस्टार्ट, आणि भिंतीला टेकून आमचा अख्खा वर्ग. कोरं मशीन रिस्टार्टने आणलं. हार्ड डिस्क पुसल्याची खात्री सचिवांनी केली. मी आधीच सांगून टाकलं, "सीडी बनवताना शेजारच्या काकांनी मला पडदा वाचून दाखवला. आज मात्र कुणी वाचायचं नाही."

"मग ते पूर्णपणे एकट्याने झालं नाही म्हणायचं, बरं का," सचिव म्हणाले.

"नाही. रिस्टार्टनेही एक गोष्ट शिकवली. तोही अडला की कंपनीला फोन लावतो. त्याला कुणी टेलिफोनच्या टेबलावर पाठवत नाही."

"खरंय ते," रिस्टार्ट मागून म्हणाला. त्याने असं म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती.

मग मी मशीनच्या मागे हात घातला आणि पडद्याची वायर उपटली.

"अहो, हे काय?"

"पडदा मला उपयोगाचा नाही. तुम्ही त्यात बघत बसलात तर मी काय करतोय ते तुम्हाला कळणार नाही. आता सगळे सारखे."

सीडी घातली, सुरू केलं, एक बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले. समितीत एक वयस्क डॉक्टरबाई आहेत. तीन मिनिटांत त्यांना राहवेना. "आता काय चाललंय हो?"

"फायली उतरतायत. सीडीची घरघर आहे तोवर काळजी नाही. बारा मिनिटांनी बीप होईल."

बाराव्या मिनिटाला बीप झाली. बाई लहान मुलीसारख्या "हं!" म्हणाल्या. आता हार्ड डिस्कची कटकट सुरू व्हायला हवी होती. झाली नाही. सीडीच पुन्हा सुरुवातीपासून फिरायला लागली, तीच लांब, चढत जाणारी घरघर. मला माहीत होतं: मशीन परत उठताना पाच सेकंद वाट बघतं, त्या वेळात कुणी बटण दाबलं, तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. मी दाबलं नव्हतं. माझे हात मांडीवर होते.

"कीबोर्डला कुणी हात लावला?"

कुणी बोलेना. पडदा नव्हता, पुरावा नव्हता. फक्त माझा कान होता.

"बीप झाल्याबरोबर कुणीतरी बटण दाबलं. सिस्टिम पुन्हा पहिल्यापासून बसतेय. मी बंद करून चालू करतो आणि काही दाबत नाही. जिथे होतं तिथून पुढे जाईल, नाही तर आपण सगळे आणखी पाऊण तास बसू. पण दाबलं कुणी, ते कळलं तर बरं."

"माझा... टेकलो होतो, हात लागला असेल," सचिव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या वाक्यात 'बरं का' नव्हतं.

वर्गातून कुणीतरी म्हणालं, "डोळस माणूस होता तरी!" मी दटावलं. आतून मला किती गोड वाटलं, तेही इथे लिहितो. प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा.

मशीन पुढे जाईना. पहिल्यापासूनच सुरू करावं लागलं. सगळे बसले. डॉक्टरबाईंनी घड्याळ धरलं. बारा मिनिटं, बीप, आणि त्या पाच सेकंदांत खोलीत श्वासाचाही आवाज नव्हता. कटकट सुरू झाली. एकतीस मिनिटं. शेवटची दोन मला तासासारखी गेली.

"डेस्कटॉप," मशीन म्हणालं.

वर्गाने टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही टाळ्यांना विटलोय. त्यांनी बाकं बडवली.

२८ मार्च, शुक्रवार

समितीचं पत्र आलं, छापील कागदावर. शिपाई म्हणाला, "वाचून दाखवू?" मी ते परत पाठवलं: मला वाचता येईल अशा फाइलमध्ये द्या. कारकून कुरकुरला, पण दुपारी दिलं. अक्षर अक्षर ऐकलं.

संगणक-खोली आणि वर्ग माझ्याकडेच राहणार. टेलिफोनचा उल्लेख नाही. पण शेवटी एक कलम आहे: मशीन उघडताना अथवा सिस्टिम घालताना एक डोळस सहायक हजर असावा, त्याचं संमतीपत्र सोमवारपर्यंत कार्यालयात जमा करावं, न केल्यास आधीचा प्रस्ताव पुन्हा विचारात घेतला जाईल.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी एकही मागितला नव्हता!

राजीनाम्याचा मसुदा टाइप केला. बायकोने ऐकला. म्हणाली, "छान आहे. आता पुसून टाक. खोली तुझी, वर्ग तुझा. त्यांना एक माणूस खुर्चीत बसवून हवाय, बसव. कुणाला बसवायचं ते तर तू ठरवणार ना?"

३० मार्च, रविवार

काकांना विचारलं. "काही करायचं नाही, फक्त बसायचं. डोळस सहायक म्हणून तुमचं नाव देतो."

ते हसायला लागले. आधी बारीक, मग मोठ्याने, मग खोकला येईपर्यंत. "डोळस! मी! दे, मास्तर, दे नाव." विनोद चांगला होता, पण इतका नव्हता. बायको हसली नाही. तिने उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"रोज येईन मी," हसू ओसरल्यावर ते म्हणाले. "वर्ग चालू असतानाही बसू दे मागे. बाणाचं बटण, अक्षर अक्षर, ते सगळं पहिल्यापासून ऐकायचंय."

"तुम्हाला कशाला?"

"वेळ जात नाही रे."

संमतीपत्र त्यांच्यापुढे ठेवलं. पेन देऊन बराच वेळ झाला तरी सहीचा आवाज येईना. "कुठे करायची?" त्यांनी विचारलं. चष्मा खाली राहिला होता म्हणे. मी माझी खाच पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी आणली. आम्ही सही करताना ती कागदावर ठेवतो, म्हणजे पेन खाचेबाहेर जात नाही. सहीच्या जागी कारकुनाने कागद दुमडून खूण केलेली होतीच. पट्टी तिथे बसवली, त्यांचं बोट धरून खाचेच्या सुरुवातीला टेकवलं. त्यांचं बोट गार होतं. त्यांनी सावकाश सही केली.

३१ मार्च, सोमवार

संमतीपत्र कार्यालयात दिलं. कारकुनाने कागद उलगडला.

"वा," तो म्हणाला. "सही बघा किती सरळ रेषेत आहे. माणूस पारखून घेतलात, सर."

"मुद्रितशोधक आहेत ते," मी म्हणालो, आणि वर्ग उघडायला गेलो. काका आधीच येऊन पहिल्या बाकावर बसले होते.